रेंजमध्ये बसलेला माणूस

माझं टेस्टोस्टेरॉन तीनशे बारा होतं. छापील कागदावर खालची हद्द तीनशेची. हे मी माझ्या नावानिशी लिहितोय म्हटल्यावर थोरल्या भावाने विचारलं, "दिवाळी अंक घरातल्या बाया-माणसं वाचतात, त्यात हे कशाला?" मी म्हटलं, "दादा, तुझी साखर तीनशे झाली तेव्हा तू चहाच्या टपरीवर उभा राहून सगळ्या अवसरीला सांगितलंस. माझा आकडा काय चोरीचा आहे?"

 दादाला पटलं असं नाही. मी लिहायला घेतलं.

मी सुधाकर, रक्त काढणारा माणूस. गाव अवसरी बुद्रुक. सव्वीस वर्षांपूर्वी वारूळवाडीत एका लॅबमध्ये नळ्या धुण्यापासून सुरुवात केली, मग रीतसर डिप्लोमा केला, आणि आता मंचरला माझी स्वतःची लॅब आहे. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यातल्या किती माणसांच्या दंडाला मी रबरी पट्टा बांधला असेल, सांगता यायचं नाही. लोक चेहऱ्याने ओळखतात, नावाने नाही. बाजारात बाई दुसरीला सांगते, "ते बघ, रगातवाले भाऊ." मला त्यात कमीपणा वाटत नाही. एका टोचणीत शीर सापडणं ही कला आहे आणि ती माझ्या बोटांत होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रक्त काढलं, यंत्रात घातलं, आकडा आला. तसं नसतं. रक्त लाल टोपणाच्या नळीत गोठू द्यायचं, मग नळी यंत्रात गरगर फिरवायची. गाठ खाली बसते आणि वर पिवळसर पाणी राहतं. सगळी मोजणी त्या पाण्यात. साखर, कोलेस्टेरॉल मी इथेच मोजतो. हार्मोनच्या तपासण्या माझ्याकडे होत नाहीत, ते पाणी बर्फाच्या डब्यातून पुण्याच्या मोठ्या लॅबला जातं आणि रिपोर्ट उलट येतो.

टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन, त्याचा एक नियम असा, की रक्त सकाळी द्यायचं, सात ते नऊ, उपाशीपोटी. पुरुषाच्या अंगात ते पहाटे सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. जेवलं की आणखी उतरतं. त्यामुळे दुपारी घेतलेल्या रक्ताचा आकडा खरा धरायचा नसतो. हा नियम मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. तो पुढे या लिखाणात येणार आहे आणि तिथे माझी मान खाली जाणार आहे.

आणि ती रेंज. पुष्कळ धडधाकट माणसांची रक्तं तपासतात, अगदी वरची थोडी आणि अगदी खालची थोडी बाजूला काढतात, मधला पट्टा कागदावर छापतात. तुम्ही त्या पट्ट्यात बसलात म्हणजे तुमच्यासारखी बरीच माणसं आहेत, एवढंच त्यातून कळतं. शिवाय लॅब बदलली की पट्टा बदलतो. एकीची खालची हद्द अडीचशे, दुसरीची साडेतीनशे. म्हणजे मी रस्ता ओलांडून पलीकडच्या लॅबमध्ये गेलो की आजारी आणि परत आलो की ठणठणीत.

या तपासणीला येणारी माणसं वेगळीच. एक निवृत्त हवालदार यायचे. साहेबांचा आवाज असा, की साखरेची चौकशी करतानाही शेजारचं दुकान ऐकायचं. या तपासणीच्या वेळी मात्र काउंटरवर वाकून कुजबुजले, "ती... ती करायची." एकजण हेल्मेट घालून आत आला आणि रक्त देईपर्यंत त्याने काच वर केली नाही. पण सगळ्यांवर कडी केली ती एका दुकानदाराने. त्याने स्वतःचं रक्त दिलं आणि नाव बायकोचं सांगितलं. मी फॉर्मवर 'स्त्री' लिहिलं, त्याने डोळ्यांनी विनवलं, मी पुढे पाठवलं. चौथ्या दिवशी पुण्याहून घाबरलेला फोन. "सुधाकरजी, या बाईंचं टेस्टोस्टेरॉन चारशे आलंय! त्यांना ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवा." बाईचं एवढं येतच नाही. मी "सांगतो त्यांना," म्हटलं आणि घाईने फोन ठेवला.

हे मी वर्षानुवर्षं मजेने सांगत होतो. रिपोर्ट हातात ठेवताना एक वाक्य ठरलेलं होतं, "रेंजमध्ये आहे. काही नाही. जावा घरी." समोरच्याचा चेहरा उतरलेलाच असायचा. मला वाटायचं, नॉर्मल म्हटल्यावर हा खूश का होत नाही?

मग माझी पाळी आली.

वय एकोणपन्नास. सकाळी लॅब उघडतानाच वाटायचं, बंद करून घरी जावं. पूर्वी मी रुग्णांशी गप्पा मारत सुई टोचायचो, त्यांना कळायचंही नाही. आता बोलायचाच कंटाळा. नवरा-बायकोत जे असतं ते आमच्यात वर्षभरात हळूहळू थांबलं होतं. रेखा, माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला वाटलं, माझं मन उडालं. मला वाटलं, वय झालं. दोघंही बोललो नाही.

एक दिवस तिने जेवताना विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावलाय का?"

"नाही."

"मग कुणावर?"

मी उठून हात धुतले.

त्याच आठवड्यात एक म्हातारी आली. पहिल्या टोचणीत शीर सापडली नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा मी ओरडलो, "आजी, हात हलवू नका म्हटलं ना!"

ती शांतपणे म्हणाली, "मी न्हाई हलवला रं बाबा. तुजाच हात हलतोय."

बाकावर बसलेली माणसं खाली बघायला लागली. मी आजींची माफी मागितली. त्यांच्या दुसऱ्या हातातून रक्त काढलं आणि त्या गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन बसलो. सव्वीस वर्षांत रुग्णावर ओरडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी उजव्या हाताने स्वतःच्या डाव्या हातातून रक्त काढलं. पट्टा दातात धरून आवळला. नळीवर चिठ्ठी चिकटवताना 'सुधाकर' लिहायला पेन टेकवला आणि लिहिलं 'विलास'. हेल्मेटवाल्याला हसणारा मी.

विलासचं टेस्टोस्टेरॉन आलं तीनशे बारा.

मंचरचे एक डॉक्टर माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांना तो कागद दाखवला, म्हटलं, एका गिऱ्हाइकाचा आहे, थकवा येतो म्हणतो, कशात मन लागत नाही म्हणतो. त्यांनी एक नजर टाकली. "नॉर्मल आहे की. त्याला म्हणावं, बायकोला घेऊन चार दिवस फिरून ये." आणि हसले. मीही हसलो. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

"डॉक्टर, विलास मीच आहे."

त्यांचं हसणं थांबलं. "अरे, मग आधी सांगायचंस ना." कागद पुन्हा बघितला. "पण सुधाकर, नॉर्मलच आहे रे. पन्नाशी आली. आपण सगळेच असे होतो."

"तुमचं तपासलंय का?"

"नाही."

"मग तुम्हाला काय माहीत?"

एवढं बोलून मी बाहेर पडलो. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी मला तेच सांगितलं जे मी हजार माणसांना सांगितलं होतं. पण ऐकणाऱ्या बाजूला बसल्यावर कळलं, ते वाक्य दार बंद केल्यासारखं वाजतं.

राग चांगला नसतो म्हणतात. मला तर त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी अंगात काहीतरी आहे असं वाटलं. त्या रागातच मी एक गाढवपणा केला. जिमवाल्या एका ओळखीच्याकडून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आणलं. चिठ्ठी नाही, सल्ला नाही. टोचायला कुणाची गरज नव्हती, सुई हे माझंच काम. अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, लॅबच्या खणात ठेवली. रविवारी लॅब बंद असताना घ्यायचं ठरवलं.

शनिवारी किसन आला.

किसन आणि त्याची बायको हिराबाई तळेघरच्या वरच्या एका वाडीतले. दोघांची नावं मी बदलली आहेत, बाकी सगळं त्यांच्या परवानगीने लिहितोय. भात आणि नाचणीची शेती. वाडीतून तळेघरपर्यंत चालायचं, तिथून मिळेल ती जीप किंवा एसटी, घोडेगाव, मग मंचर. किसन चाळिशीच्या आतला, रुंद खांद्यांचा. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नव्हतं. हिराबाई बाकाच्या टोकाला पदर घट्ट धरून बसली.

"भाऊ, वळखलं का? दीड वर्साखाली रगात दिलं व्हतं तुमच्याकडं."

मला आठवलं नाही. त्याने दुसऱ्या एका लॅबमधला वीर्यतपासणीचा कागद पुढे केला.

"ह्यात शून्य लिवलंय. शून्य म्हंजी किती, भाऊ?"

"शून्य म्हणजे शुक्रजंतू दिसले नाहीत."

"येक बी न्हाई?"

"एकही नाही."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

"औषध काही चालू आहे का?" मी विचारलं.

"हाये की. दर तीन आठवड्याला विंजेक्शन. तुमच्या रिपोर्टवरच तर चालू केलं डाक्टरनी. पयल्यांदा लई जोर आला अंगात." त्याने पिशवीतून एक रिकामं खोकं काढलं. "ह्ये बघा."

ते खोकं माझ्या ओळखीचं होतं. त्याच औषधाची अँप्यूल तीन हातांवर माझ्या खणात होती.

बाहेरून हे औषध अंगात जायला लागलं की मेंदूला वाटतं, आता पुष्कळ आहे, आणि तो आतला कारखाना बंद करतो. त्याच कारखान्यात शुक्रजंतू तयार होतात. मूल हवं असलेल्या माणसाला हे इंजेक्शन द्यायचं नसतं. हे किसनला कुणी सांगितलं नव्हतं. ते डॉक्टर कोण, कुठले, हे मी इथे लिहीत नाही. मी माझ्या वाट्याचं लिहितो.

मी जुनं रजिस्टर काढलं. दीड वर्षं मागची पानं उलटली. किसनचं नाव, तपासणीचं नाव, आणि समोर माझ्याच अक्षरात वेळ: दुपारी एक वाजून दहा मिनिटं.

मग आठवलं. भाताच्या लावणीचे दिवस होते. तो आदल्या दिवशी गुडघाभर चिखलात काम करून, पहाटे निघून, वाटेत भाकरी खाऊन आला होता. मी त्याला म्हटलं होतं, याला सकाळी यावं लागतं. तो म्हणाला होता, "सकाळी कसा येनार भाऊ? येष्टीच न्हाई." मला त्याची दया आली. एवढ्या लांबून आलाय, परत कुठे पाठवू. आणि मी रक्त घेतलं. पुण्याच्या फॉर्मवर वेळेची चौकट मोकळी सोडली. रिपोर्टवर वेळ आलीच नाही. आकडा आला दोनशे साठ, आणि तो कागद बघून पुढचा माणूस सुई भरून बसला.

मी काउंटरच्या बाहेर आलो आणि त्या दोघांसमोर स्टुलावर बसलो. सगळं सांगितलं. वेळ, भाकरी, मोकळी चौकट. गाळलं काही नाही.

 बोलली ती हिराबाई. पहिल्यांदाच.

"म्हंजी भाऊ, तुमी चुकीच्या टायमाला रगात घेतलं, आन् दीड वरीस आमच्या घरात वांझ मी?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? लग्नानंतर पहिल्या अडीच वर्षांत मूल का झालं नाही, हे मला माहीत नव्हतं आणि आजही नाही. पण पुढचं दीड वर्ष माझ्या कागदाने खाल्लं होतं, त्यात शंका नाही.

खणातली अँप्यूल मी त्याच दिवशी फोडून बेसिनमध्ये ओतली. आणि पुण्याला हार्मोनच्या एका डॉक्टर मॅडमची दोन नावांनी वेळ घेतली. एक किसनचं. दुसरं सुधाकर, विलास नव्हे.

आम्ही तिघं एसटीने गेलो. किसन खिडकीपाशी, हिराबाई मध्ये, मी कडेला. राजगुरुनगर मागे पडल्यावर किसनने विचारलं, "भाऊ, तुमचं काय हाये?"

"माझंही तेच. कमी आहे. पण रेंजमध्ये बसतंय, म्हणून कुणी बघत नाही."

 "म्हंजी माजं कमी न्हवतं तर मला टोचलं, आन् तुमचं कमी हाये तर तुमाला घरी धाडलं?"

"अगदी तसंच."

"मंग राव, ही डाक्टरकी हाये का सोरट?"

मी इतक्या जोरात हसलो, की कंडक्टरने वळून पाहिलं. हिराबाईच्याही तोंडाला पदर गेला. त्या बाईने मला माफ केलं नव्हतं, पण हसू तर आलं.

मॅडम चाळिशीच्या असतील. किसनचं त्यांनी नीट ऐकलं. इंजेक्शन त्याच दिवशी बंद केलं. म्हणाल्या, "बहुतेकांचं परत येतं. पण महिने लागतात, कधी वर्ष. मध्ये थकल्यासारखं वाटेल, चिडचिड होईल. त्या वेळी घाबरून पुन्हा इंजेक्शन घ्यायचं नाही." आतला कारखाना जागा करायला एक औषध दिलं. हिराबाईलाही बसवून समजावलं आणि तिच्याही तपासण्या लिहून दिल्या, "दोष काढायला नाही, दोघांकडे बघायचं असतं म्हणून," असं म्हणून.

मग मी. खुर्चीत बसायच्या आधीच बोललो, "मॅडम, मी लॅबवाला आहे. माझा आकडा रेंजमध्ये आहे हे मला माहीत आहे. तेवढंच सांगणार असाल तर मी एसटी पकडतो."

त्यांनी पेन खाली ठेवला. "बसा. थकवा कधीपासून?"

मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते मला सव्वीस वर्षांत कुणी कुणाला विचारताना ऐकू आले नव्हते. झोप कशी लागते. सकाळी उठल्यावर ताजं वाटतं का. इच्छा होते का. मन उदास असतं का, रडू येतं का. कमरेचा घेर किती वाढला. मी उत्तरं दिली, काही भिंतीकडे बघून. शेवटी त्या म्हणाल्या, "एका आकड्यावर मी औषध देणार नाही. पण तुम्हाला काही होत नाहीये, असंही म्हणणार नाही. पुढच्या वेळी मिसेसना आणा."

रेखाला सगळं सांगावं लागलं. विलाससकट. ती ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाली, "वर्षभर मी आरशात माझंच काय चुकलं ते शोधत होते." मला तिथे हिराबाईचा चेहरा दिसला. पुरुष लाजेने गप्प बसतो आणि त्याचं ओझं घरातली बाई वाहते, हे मला दोन बायकांनी एका महिन्यात शिकवलं.

पुढच्या खेपेला मॅडमनी रेखाला विचारलं, "घोरतात का?"

"घोरतात? शेजारचे विचारतात, विहिरीची मोटर रात्रभर चालू ठेवता का."

घोरताना माझा श्वास मध्येच अडतो, असं झोपेच्या तपासणीत निघालं. झोप मोडली की टेस्टोस्टेरॉन पडतं. थायरॉइड, साखर, मेंदूतल्या ग्रंथीची तपासणी, सगळं झालं. पाच महिने मी वजनावर आणि झोपेवर काम केलं. नाकावर श्वासाच्या यंत्राचा मुखवटा लावून झोपायला शिकलो. आठ किलो उतरलो, पहाटे अवसरीच्या शिवारातून चालायला लागलो. हात स्थिर झाला. मग सकाळी दोन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. आकडा जेमतेम वर सरकला होता, आणि त्यातला शरीराला प्रत्यक्ष वापरता येतो तो भाग हद्दीच्या खालीच होता. बाकी बरंच सुधारलं होतं. इच्छा मात्र नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "आता आपण सहा महिने टेस्टोस्टेरॉनचं जेल लावून बघू. फरक पडला नाही तर थांबवू. रक्त घट्ट होतंय का, प्रोस्टेट ठीक आहे का, दर काही महिन्यांनी बघायचं. तुम्हाला आता मूल नको आहे, हे नक्की ना?" आमची मुलगी नोकरीला लागली आहे. रेखाने आणि मी एकदमच मान हलवली.

रोज सकाळी खांद्यावर जेल चोळायचं, हात साबणाने धुवायचे, वर शर्ट घालायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागत नाही. एवढाच विधी. पहिला महिना काहीच नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एका रविवारी मी चहा करत असलेल्या रेखामागे जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "काय हवंय?" मी म्हटलं, "काही नाही." तिने गॅस बंद केला. यापुढचं लिहीत नाही, दादाचा मान राखतो.

मी पंचविशीचा झालो नाही. गुडघे दुखतातच. किती फरक जेलने पडला आणि किती झोपेने, हे मॅडमनाही छातीठोक सांगता येत नाही, आणि त्या तसं कबूल करतात, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. टपरीवर एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "काय सुधाभाऊ, मलम लावता म्हणं मर्दानगीचं?"

मी म्हटलं, "लावतो. खांद्याला. चष्मा तू डोळ्याला लावतोस तसं. तुला काही विचारायचं असेल तर सकाळी सातला ये, उपाशीपोटी."

लोक हसले. पुढच्या आठवड्यात तोच आला, सात वाजता.

त्या इंजेक्शनवाल्या डॉक्टरांकडेही मी गेलो. किसनचे कागद टेबलावर ठेवले आणि आधी माझी चूक सांगितली. ते म्हणाले, "तू टेक्निशियन आहेस, डॉक्टर नाहीस. मला शिकवू नकोस." मी म्हटलं, "टेक्निशियन आहे म्हणूनच सांगतो. ते रक्त दुपारचं होतं, आणि त्याला मूल हवंय का, हे तुम्ही विचारलं नाही." त्यांचे रुग्ण त्या दिवसापासून माझ्याकडे यायचे बंद झाले. नकोतच. जुन्नर-आंबेगावच्या आम्हा लॅबवाल्यांच्या बैठकीतही मी उभा राहून सांगितलं, या तपासणीचं रक्त दुपारी घेऊ नका, आणि प्रत्येक रिपोर्टवर वेळ छापा. एकजण म्हणाला, "आपण नाही घेतलं तर पलीकडचा घेईल." मी म्हटलं, "घेऊ दे त्याला. मी घेतलं होतं. काय झालं ते आत्ताच सांगितलं ना?" काहींनी मानलं. काहींनी नाही.

इंजेक्शन बंद झाल्यावर दहा महिन्यांनी किसन आदल्या संध्याकाळीच मंचरला आला, आमच्याकडे राहिला, आणि सकाळी सातला त्याने रक्त दिलं. त्याचं स्वतःचं, कुठल्याही इंजेक्शनशिवायचं टेस्टोस्टेरॉन छान भरलं. शुक्रजंतूही परत आले होते. भरपूर नव्हेत, पण होते. मूल झालं का, हे मला विचारू नका. ते त्या दोघांचं आहे.

रिपोर्ट घ्यायला हिराबाई सोबत आली होती. कागद घडी करून तिने ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, ह्यो कागद माज्या सासूला वाचता येत न्हाई. तुमी येऊन सांगा."

मी किसनकडे पाहिलं. तो म्हणाला, "या. माजं नाव घेऊनच सांगा."

पुढच्या रविवारी मी आणि रेखा तळेघरला गेलो. जीप सोडून वाडीपर्यंत चाललो. अंगणात किसनची आई, दोन चुलते, एक चुलती आणि शेजारच्या घरातली दोन-तीन माणसं बसली होती. नाचणीची कणसं वाळत घातलेली होती. हिराबाई चुलीपाशी आत होती, पण दार उघडं होतं.

मी उभा राहूनच बोललो. म्हटलं, रक्त चुकीच्या वेळी मी घेतलं. त्यावरून चुकीचं औषध किसनला मिळालं. त्या औषधाने त्याचं बीज बंद पडलं. दीड वर्षं मूल होणं शक्यच नव्हतं आणि त्यात हिराबाईचा काडीचा दोष नव्हता. तिला ज्यांनी बोल लावला त्यांनी तो मला लावावा.

चुलते खाली बघत तंबाखू मळत राहिले. किसनची आई मात्र माझ्याकडेच बघत होती. म्हातारी वाळकी, डोळे तीक्ष्ण.

"गड्याच्या अंगात बी असं कमी-जास्ती व्हतं व्हय?"

"होतं, मावशी. माझंही कमी आहे. मी औषध घेतो."

एक चुलता हसला. म्हातारीने त्याच्याकडे वळून पाहिलं, तो हसायचा थांबला. तिने रेखाला विचारलं, "खरं सांगतोय का गं ह्यो?"

"खरं आहे," रेखा म्हणाली.

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. दाराशी जाऊन आत बघत उभी राहिली.  आत तव्यावर भाकरी करपत असावी, कारण वास आला, पण कुणी ती उलटली नाही.

"हिरे," ती म्हणाली, "हात धू आन् बाहेर ये. पावण्यांसंगं पानावर बस. आज मी वाढते."